ओळखीची दलाली कागदावर यायला हवी

वाकड, पुनावळे, रावेत, मोशी, वाघोली, मांजरी. पुण्याच्या कडेने जिथे जिथे टॉवर उभे राहतायत तिथल्या सेल्स ऑफिसांत रविवारी जी माणसं गिऱ्हाईक घेऊन येतात, त्यांतली बरीचशी सोमवारी सकाळी दुसऱ्याच कामावर असतात. कुणी बँकेत असतं, कुणी आयटी कंपनीत, कुणाची विम्याची एजन्सी असते, कुणाचं पार्लर असतं, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं. ठाण्यात घोडबंदर रोडला किंवा नाशिकला गंगापूर रोडला गेलात तरी चित्र फारसं वेगळं नाही. एके काळी मध्यमवर्गातला जोडधंदा म्हटलं की एलआयसीची एजन्सी डोळ्यासमोर यायची. आता तिच्या शेजारी फ्लॅटची दलाली येऊन बसली आहे.

कारण उघड आहे. दुकान लागत नाही, माल भरावा लागत नाही, भांडवल म्हणजे फोन आणि ओळखी. साठ लाखांच्या फ्लॅटवर बिल्डरने तीन टक्के दिले तर एका सौद्याचे १ लाख ८० हजार होतात. चाळीस हजार पगार असलेल्या माणसाची ती साडेचार महिन्यांची कमाई आहे. मुलीची फी, आईचं ऑपरेशन, स्वतःच्याच घराचे हप्ते, अशी कारणं बहुतेकांकडे असतात आणि ती खरी असतात. त्यामुळे 'पार्टटाइम एजंटांनी धंद्याचा बाजार मांडलाय, त्यांना बंद करा' हे पूर्णवेळ एजंटांचं म्हणणं मला पटत नाही. पण आज ही अर्धवेळ दलाली ज्या पद्धतीने चालते तीही मला मान्य नाही. माझं म्हणणं असं आहे की, ज्याच्या ओळखीवर सौदा होतो त्याने आपल्याला कोण आणि किती पैसे देणार आहे हे त्या ओळखीच्या माणसाला आधी आणि लेखी सांगितलंच पाहिजे. हे कुणाच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही, ते कायद्याने बंधनकारक व्हायला हवं. आणि ही सक्ती पूर्णवेळ एजंटापेक्षाही अर्धवेळ एजंटाच्या बाबतीत जास्त गरजेची आहे.

का, ते समजायला सेल्स ऑफिसात काय होतं ते जवळून बघावं लागतं. आत शिरलात की पाणी येतं, मग टॅबवर फॉर्म उघडतो. नाव, मोबाइल, बजेट, किती बीएचके, सध्या भाड्याने की स्वतःचं, कर्ज लागणार का. शेवटी शेवटी एक रकाना असतो, 'सोर्स'. जाहिरात बघून आलात की कुणी पाठवलं? तुमच्यासोबत आलेला मित्र पुढे होऊन आपलं किंवा आपल्या फर्मचं नाव सांगतो. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येतो, तुम्ही तो सांगता, आणि त्या क्षणी तुम्ही त्याच्या नावावर चढता. धंद्यात याला टॅगिंग म्हणतात. पुढचे काही आठवडे तुम्ही एकटे या, आईवडिलांना घेऊन या, तुमचा निर्णय तुम्ही स्वतः अभ्यास करून घ्या, दलाली त्याचीच. म्हणून तर आधी फोन येतो, 'एकटा जाऊ नकोस हं, माझी तिथे ओळख आहे, मी येतो, रेट करून देतो.'

या वाक्यातला 'रेट करून देतो' हा भाग बहुतेक वेळा खराही असतो. सेल्सवाले दोन-तीन लाख खाली येतात, मित्राला श्रेय मिळतं, तुम्ही खूश. पण बिल्डरने विक्रीचा खर्च आधीच दरात धरलेला असतो. सूटही त्यातलीच आणि दलालीही त्यातलीच. 'तुला काही द्यायचं नाही, माझं बिल्डर बघतो' असं मित्र सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो, फक्त बिल्डर ते पैसे कुणाच्या खिशातून काढतो ते सांगत नसतो.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. सगळे प्रकल्प सारखी दलाली देत नाहीत. ज्याचा माल आपोआप खपतो तो दोन टक्क्यांवर थांबतो. ज्याचे फ्लॅट पडून आहेत तो चार देतो, पाच देतो, महिन्यात ठरावीक बुकिंग दिली तर वर बोनस देतो. घर का पडून आहे याला काहीतरी कारण असतं. रस्ता झालेला नसतो, पाणी टँकरचं असतं, ताबा दोनदा पुढे गेलेला असतो, किंवा नुसता दर जास्त असतो. म्हणजे जिथे एजंटाने सर्वांत जास्त सावध करायला हवं, नेमका तिथेच त्याला गप्प बसण्याचा मोबदला सर्वांत जास्त मिळतो. तुम्हाला एकाच रस्त्यावरचे चार प्रकल्प दाखवून मित्र म्हणाला, 'मला विचारशील तर तिसरा घे,' तर त्या सल्ल्याची किंमत ठरवायला तुम्हाला चारही ठिकाणचा दलालीचा आकडा माहीत हवा. आज तो तुम्हाला सोडून सगळ्यांना माहीत असतो.

अनोळखी इस्टेट एजंटासमोर आपण मुळातच सावध असतो. बोर्ड लावून बसलेला माणूस कमिशनवर जगतो हे आपल्याला ठाऊक असतं, त्याच्या बोलण्यातले दोन आणे आपण आपोआप वजा करतो. ऑफिसातला सहकारी, मावसभाऊ, मुलाच्या शाळेतल्या मित्राची आई यांच्या बाबतीत आपण असं काही वजा करत नाही. बिल्डर अर्धवेळ एजंटाकडून हीच गोष्ट विकत घेतो: गिऱ्हाइकाचा सैल पडलेला सावधपणा. म्हणून उघडेपणाची सक्ती तिथे जास्त हवी.

कायदा याबाबत काय म्हणतो? २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण सगळे रेरा म्हणतो, तो आल्यावर एजंटही कायद्याच्या कक्षेत आला. नवव्या कलमानुसार नोंदणी नसलेला माणूस रेरा-नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकायला मदत करू शकत नाही. तसं केल्यास ६२ व्या कलमाखाली दिवसाला १० हजार रुपये, आणि वाढत वाढत घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड आहे. महाराष्ट्रात एकट्या व्यक्तीला नोंदणीसाठी १० हजार रुपये लागतात आणि ती पाच वर्षं चालते. वर्षाला दोन हजार पडले. एका सौद्यात लाखभर मिळवणाऱ्याला हे जड आहे असं कुणी म्हणू नये. जानेवारी २०२३ मध्ये महारेराने, म्हणजे महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, आणखी पुढचं पाऊल टाकलं. एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ती घ्यायचं काम बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसकडे दिलं, आणि मुदत वाढवत वाढवत १ जानेवारी २०२४ पासून प्रमाणपत्राशिवाय काम करता येणार नाही असं ठरवलं. पुढे त्याच वर्षी प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित केली. देशात असं करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, आणि त्याबद्दल महारेराचं मोकळेपणाने कौतुक करायला हवं.

पण या स्थगितीने एक गोष्ट उघड झाली. इतकी माणसं नोंदणी घेऊन बसली होती आणि एक परीक्षा द्यायला आली नाहीत. त्यांतल्या किती जणांनी काम थांबवलं असेल? या धंद्याच्या जवळ असलेल्या कुणालाही विचारा. नोंदणी एका फर्मच्या नावावर असते आणि तिच्या मागे पंधरा-वीस माणसं असतात, त्यांना कुणी सब-ब्रोकर म्हणतं, कुणी रेफरल पार्टनर, कुणी काहीच म्हणत नाही. बिल्डरचं पेमेंट फर्मच्या खात्यात येतं, फर्म आपला वाटा ठेवून उरलेलं पुढे सरकवते. कायद्याला एकच नाव दिसतं. फ्लॅट दाखवणारा, आश्वासनं देणारा, 'ताबा डिसेंबरला नक्की' असं सांगणारा माणूस त्या कागदावर कुठेच नसतो. उद्या डिसेंबर उलटून गेला तर तक्रार कुणाविरुद्ध करायची?

दहाव्या कलमात एजंटाची कर्तव्यं दिली आहेत. नोंदणी नसलेला प्रकल्प विकू नये, हिशेबाची पुस्तकं ठेवावीत, खोटी माहिती देऊ नये, बुकिंगच्या वेळी घेणाऱ्याला सगळी कागदपत्रं मिळवून द्यावीत. चांगली यादी आहे. पण आपल्याला या सौद्यातून किती मिळणार आहे हे घेणाऱ्याला सांगावं, असं त्या कलमात म्हटलेलं नाही. मला ही मोठी उणीव वाटते, कारण आपल्याच देशात दुसऱ्या एका क्षेत्राने ती कधीच भरून काढली आहे. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला तुमच्या गुंतवणुकीतून किती रुपये मिळाले हे शेअर बाजार आणि म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या आदेशाने २०१६ पासून तुमच्या सहामाही स्टेटमेंटमध्ये छापून येतं. टक्क्यांत नाही, रुपयांत. महिना दोन हजारांची एसआयपी करणाऱ्याला ही माहिती मिळण्याचा हक्क आहे. वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन साठ लाखांचं घर घेणाऱ्याला नाही. विमा पॉलिसी पटली नाही तर आता ३० दिवसांत परत करता येते. घराचं बुकिंग रद्द केलं तर भरलेल्या पैशांतून किती कापले जातील, यावर अनेकदा भांडत बसावं लागतं. म्हणजे जिथे चूक सर्वांत महाग पडते तिथेच ग्राहकाला सर्वांत कमी सांगितलं जातं.

आता अर्धवेळ माणसाच्या बाजूने बोलायला हवं, कारण त्याची एक जमेची बाजू कुणी मांडतच नाही. ज्याची चूल दलालीवर पेटत नाही, तो 'हे घर घेऊ नका' असं म्हणू शकतो. पूर्णवेळ एजंटाचं ऑफिसचं भाडं, दोन पोरांचा पगार, पोर्टलवरच्या जाहिरातींचा खर्च हे सगळं महिन्याच्या महिन्याला उभं असतं. दोन महिने सौदा झाला नाही की तिसऱ्या महिन्यात येणारं गिऱ्हाईक कसंही करून बसवायचं, हा दबाव प्रामाणिक माणसालाही वाकवतो. दहा तारखेला पगार जमा होणाऱ्याला हा दबाव नाही. तो सहा महिने थांबू शकतो. बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याने आयुष्यभर टायटलचे, म्हणजे मालकी हक्काचे, रिपोर्ट वाचलेले असतात, कुठल्या कागदावर कर्ज अडतं हे त्याला तोंडपाठ असतं. एखाद्या वसाहतीत पंचवीस वर्षं राहिलेल्या गृहिणीला कुठल्या इमारतीत पाणी चढत नाही, कुठे लिफ्टचं भांडण चालू आहे, कुठली सोसायटी भाडेकरूंना छळते हे ठाऊक असतं. हे ज्ञान पोर्टलवर मिळत नाही. अशी माणसं या धंद्यात यावीत, असं मला मनापासून वाटतं. बायकांनी तर जास्तच यावं, कारण घर बघताना स्वयंपाकघराचा ओटा, वाळत घालायची जागा, रात्री स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता यांबद्दलचे प्रश्न पुरुष एजंटाला सुचतसुद्धा नाहीत.

पण आज ही जमेची बाजू वाया जाते. पगार असल्यामुळे मिळणारं स्वातंत्र्य वापरायचं सोडून बहुतेक जण पगाराला पूरक 'सोपा पैसा' म्हणून इकडे बघतात. त्यांना शिकवणारी सेमिनार्सही तशीच असतात. हॉटेलच्या हॉलमध्ये पन्नास-शंभर खुर्च्या, पडद्यावर दुबईची ट्रिप, आणि पहिला धडा, 'तुमच्या फोनमधल्या दोनशे ओळखींची यादी करा.' घराचे कागद कसे वाचायचे हा धडा शेवटपर्यंत येत नाही.

कागदांचा प्रश्न सर्वांत जास्त टोचतो तो पुनर्विक्रीत, म्हणजे रिसेलमध्ये. रेराची नोंदणी नव्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी लागते. जुना फ्लॅट एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो किंवा भाड्याने दिला जातो, तिथे एजंटाला कुठलीच नोंदणी लागत नाही, परीक्षा नाही, काही नाही. आणि अर्धवेळ माणसं सुरुवात करतात ती इथूनच, आपल्याच सोसायटीतल्या दोन फ्लॅटपासून. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची काही वर्षं सचिव होते. हस्तांतरणाच्या फाइली माझ्या टेबलावर यायच्या, आणि फाइल उघडली की मधला माणूस कसा होता ते पहिल्या पाच कागदांत कळायचं.

एक फाइल नमुन्यादाखल सांगते. वडील वारले, फ्लॅटवर नॉमिनी म्हणून थोरल्या मुलाचं नाव, त्याने फ्लॅट विकायला काढला. मध्यस्थ ओळखीतलाच, दिवसा नोकरी करणारा. त्याने नॉमिनीचा कागद बघितला, 'मालक हाच' असं गिऱ्हाइकाला सांगितलं आणि दोन लाखांचं टोकन देववलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर फ्लॅटवर बायकोचा आणि सगळ्या मुलामुलींचा हक्क असतो. सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी जे वेगळं प्रकरण २०१९ मध्ये आलं, त्यातही नॉमिनीला संस्था तात्पुरतं सभासदत्व देते, वारसाहक्क ठरेपर्यंत. या घरात एक बहीण होती, तिची सही कुणी मागितलीच नव्हती. बँकेच्या वकिलाने कर्ज थांबवलं, बहिणीने सही द्यायला वेळ घेतला, घेणाऱ्याच्या भाड्याच्या घराची मुदत संपत आली आणि टोकनवरून भांडण सुरू झालं. मध्यस्थाचा फोन त्या सगळ्या काळात दुपारी बंद, कारण दुपारी तो कामावर. तो लबाड नव्हता. त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला त्याला कुणी भाग पाडलेलं नव्हतं.

दुसरा असाच सापळा परदेशात राहणाऱ्या विक्रेत्यांचा. पुण्यात कोथरूड, औंध, बाणेर भागांत असे कितीतरी फ्लॅट आहेत, ज्यांचे मालक न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात आहेत आणि इथे कुलमुखत्यारपत्रावर मामा नाहीतर मेहुणा सही करतो. ५० लाखांच्या पुढच्या घराला घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा असतो, एवढं सगळ्या एजंटांना पाठ असतं. विक्रेता अनिवासी असेल तर नियम वेगळा लागतो, दर कितीतरी जास्त असतो, आणि तो कापून भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. एक टक्का कापून मोकळा झालेल्या माणसाला नंतर आयकराची नोटीस येते, तेव्हा विक्रेता सातासमुद्रापार असतो आणि मध्यस्थ पुढच्या सौद्यात. चांगल्या एजंटाचे दोन टक्के अशा ठिकाणी वसूल होतात. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, महापालिका हद्दीत संस्थेने हस्तांतरणासाठी २५ हजारांपेक्षा जास्त प्रीमियम घ्यायचा नाही, या साध्या गोष्टी सांगितल्या तरी गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतात. ज्याला हे ठाऊक नाही त्याने नुसतं दार उघडून फ्लॅट दाखवला, एवढंच त्याचं काम झालं.

भाड्याच्या व्यवहारांबद्दल थोडक्यात. इथे रक्कम लहान असते म्हणून आपण दुर्लक्ष करतो, पण घर शोधणारा तिथे सर्वांत दुबळा असतो. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच हवा असं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ५५ व्या कलमात सांगतो, तरी 'साध्या स्टॅम्पपेपरवर करून घेऊ' म्हणणारे मध्यस्थ अजून आहेत. आणि 'फक्त व्हेज फॅमिली', 'बॅचलर नको', 'नाव काय म्हणालात पूर्ण?' ही चाळणी मालकाच्या आधी एजंटच लावतो. नोंदणी आणि आचारसंहिता नसलेल्या माणसाला याचा जाब विचारणार कोण?

म्हणून माझी मागणी अशी. साइटवर नेण्याआधी किंवा जुना फ्लॅट दाखवण्याआधी एजंटाने, मग तो पूर्णवेळ असो वा रविवारचा, एका पानाचं निवेदन गिऱ्हाइकाला द्यावं. त्यात त्याचं स्वतःचं नाव, नोंदणी क्रमांक, तो कुणाच्या वतीने काम करतोय, त्याला कोण किती पैसे देणार, आणि दोन्हीकडून घेणार असेल तर तेही. बिल्डरने 'सोर्स'च्या रकान्यात नाव चढवताना पाठवलेल्या ओटीपीच्या मेसेजमध्येच हा आकडा टाकावा. तंत्राच्या दृष्टीने यात काहीच अवघड नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा करता आला, तर मेसेजमध्ये एक ओळ वाढवता येईल. फर्मच्या मागे काम करणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव महारेराच्या साइटवर त्या फर्मखाली दिसावं. रिसेल आणि भाड्यासाठी हलकी, स्वस्त नोंदणी आणावी, पण परीक्षा तीच ठेवावी. अर्धवेळ आहे म्हणून अर्धी परीक्षा नको, कारण गिऱ्हाइकाचं कर्ज अर्धं होत नाही.

आणि एका वर्गाला मात्र अर्धवेळ दलाली पूर्ण बंद असावी. जो बँकेत घरकर्जाची फाइल मंजूर करतो, जो महापालिकेच्या बांधकाम विभागात आहे, जो तलाठी आहे किंवा नोंदणी कार्यालयात बसतो, त्याचं पगाराचं काम आणि दलाली यांत सरळ टक्कर आहे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी मनाई आजही आहेच. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ च्या १६ व्या नियमानुसार परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, आणि बायकोच्या नावावरच्या एजन्सीसाठी गिऱ्हाइकं गोळा करणं हाही त्या नियमाचा भंगच ठरतो. तरी ते कसं सर्रास चालतं हे प्रत्येक तालुक्याच्या गावाला माहीत आहे. एजंटाच्या नोंदणी अर्जात जोडीदाराची नोकरी आणि खातं विचारलं तर निम्मा प्रश्न तिथेच उघडा पडेल.

यावर जो आक्षेप मी सर्वांत जास्त वेळा ऐकलाय तो असा: आकडा कळला की ओळखीचा माणूस त्यातला वाटा मागेल, 'तुला दोन लाख मिळतायत, एक मला दे' म्हणेल, आणि एजंटाच्या हातात काही राहणार नाही. मागणारे मागतील, हे खरं आहे. आजही मागतात, फक्त अंदाजाने मागतात. ज्याने चार प्रकल्पांची कागदपत्रं तपासली, दोनांबद्दल 'नको' सांगितलं, बँकेत सोबत आला, दस्त नोंदणीच्या दिवशी रजा टाकून रजिस्ट्रार ऑफिसात उभा राहिला, त्याला आपले पैसे का घेतो हे सांगता येईल आणि बहुतेक लोक ते मान्य करतील. ज्याने नुसता फॉर्ममध्ये आपलं नाव घालून घेतलं त्याला सांगता येणार नाही. त्याची दलाली कमी झाली तर ती व्हायलाच हवी, कारण ते पैसे तो कामाचे घेत नव्हता. पूर्णवेळ एजंटांची खरी तक्रारही इथे सुटते. चार महिने गिऱ्हाइकाला घरं दाखवायची त्यांनी आणि शेवटच्या रविवारी मावसभावाने टॅग लावून दलाली न्यायची, हा अन्याय आकडे उघडे झाल्यावर फार काळ टिकणार नाही.

दुसरा आक्षेप कागदपत्रं वाढण्याचा. एक पान वाढेल. साठ लाखांच्या व्यवहारात आपण दीडशे पानांच्या करारावर प्रत्येक पानाला सही करतो, त्यात हे एक पान असं असेल जे घेणारा खरोखर वाचेल.

हे सगळं विधिमंडळातून किंवा महारेराकडून यायला वेळ लागेल. पण गृहनिर्माण संस्थांना थांबायची गरज नाही. हस्तांतरणाच्या अर्जासोबत एक साधा रकाना ठेवता येतो: या व्यवहारात मध्यस्थ कोण, त्याने कुणाकडून किती घेतले. त्यावर हस्तांतरण अडवण्याचा अधिकार संस्थेला नाही आणि तो असूही नये. रकाना ऐच्छिक ठेवला तरी चालेल. पण एखाद्या वॉर्डातल्या पन्नास सोसायट्यांनी तो ठेवला, तर वर्षभरात त्या भागात कोण किती घेतं आणि कुणाच्या फाइली पुन्हा पुन्हा अडतात, हे पुढच्या गिऱ्हाइकाला कळू शकेल. आमच्या भागातल्या समित्यांसमोर मी हा प्रस्ताव ठेवते आहे. तुमच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवरही तो घ्या.